पट्टीवरचं पांढरं तेल

अहो, थांबा! पुसून बाजूला ठेवू नका, आधी ऐका तरी. मी बोलतेय, लाँचच्या इंजिनातली तेलाची पट्टी. शिकलेली माणसं मला डिपस्टिक म्हणतात, पण मला आपलं पट्टीच बरं वाटतं. हातभर लांब, बोटाहून बारीक, डोक्याशी ओढायला एक कडी आणि पायाशी दोन खाचा. तेल वरच्या खाचेशी असलं की इंजिनाचं पोट भरलेलं, खालच्या खाचेच्या खाली गेलं की उपास. एवढंच माझं शिक्षण. पण तेवढ्यावर एक अख्खं इंजिन इतकी वर्षं सांभाळलंय मी, उगाच नाही!

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची लांब फीत कापत कापत आम्हा बहिणींना वेगळं केलं, एका यंत्राने खाचा मारल्या आणि टेबलाशी बसलेल्या एका बाईने एकेकीला वाकवून पाहिलं. मी वाकले आणि पुन्हा सरळ झाले. "चालेल," ती म्हणाली आणि तिने पुढची उचलली. माझं कौतुक म्हणून आयुष्यात झालं ते तेवढंच.

मग मला एका हिरव्या डिझेल इंजिनात बसवलं आणि ते इंजिन एका लाँचच्या पोटात उतरलं. लाँच नदीवरची, या काठाची माणसं त्या काठाला पोचवणारी. तिचे मालक आणि चालक एकच. सगळे त्यांना दादा म्हणायचे. बोलणं मोठं, हात त्याहून मोठे. रोज सकाळी इंजिन चालू करायच्या आधी ते मला बाहेर काढायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा आत घालायचे आणि दुसऱ्यांदा काढून मग वाचायचे. "पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर कधी विश्वास ठेवायचा नाही," असं ते बायकोला सांगायचे. बायको मान डोलवायची आणि प्रवाशांना हात देऊन लाँचवर चढवायला निघून जायची. या बाईला सगळा काठ मावशी म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी दादा गेले. झोपेतच गेले, कोणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. महिनाभर लाँच धक्क्याला बांधून होती. मग एका सकाळी मावशी एकटीच इंजिनघराच्या शिडीवरून खाली आली. माझी कडी धरली आणि रडायला लागली. रडता रडता मला काढलं, पुसलं, आत घातलं, परत काढलं. तेल बरोबर होतं. तिने पदराने नाक पुसलं आणि इंजिन चालू केलं. त्या दिवसापासून लाँच ती चालवते. मी आजवर खूप हात पाहिले, पण इतकं जपून मला कोणी पुसलं नाही.

दादांची एक सवय तिने जशीच्या तशी उचलली. दर शनिवारी इंजिनघर धुवायचं. दोन बादल्या पाणी, साबण, ब्रश, आणि शेवटी एक बादली थेट इंजिनाच्या अंगावरून. दादा करायचे म्हणून तीही करायची. पण त्याआधी अंगठ्याने मला गच्च दाबायची आणि तेल भरायचं झाकण पिळून बघायची. एक शनिवार चुकला असेल तर शपथ.

आठ महिन्यांपूर्वी वरच्या अंगाला पूल झाला. पूर्वी आमची फेरी चाळीस मिनिटांची, प्रवाहाच्या उलट, माणसं आणि पोती खच्चून भरलेली. पूल झाल्यावर लांबचे प्रवासी पुलावरून जायला लागले आणि आमचा पलीकडचा धक्का हलवून अगदी समोर आणला. आता सात मिनिटांत पलीकडे. चालू केलं की बंद. चालू केलं की बंद. इंजिनाचं अंग तापायच्या आधीच गार व्हायला लागलं. समोरच्या फळीवर तापमानाचा काटा आहे, तो पूर्वी निदान अर्ध्यापर्यंत यायचा. आता तळाशी पडूनच राहायला लागला. काटा बिघडला असं समजून मावशीने त्याच्यावर चिकटपट्टी लावली. तो बिचारा खरं सांगत होता हो, पण त्याचं ऐकतो कोण!

आणि मग थंडीतली ती सकाळ आली.

मावशीने मला बाहेर काढलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. माझ्या वरच्या अर्ध्या अंगाला पांढरट, दुधाळ, चहावर साय धरावी तसलं काहीतरी चिकटलेलं. तिने पुसलं, परत घातलं, परत काढलं. पुन्हा तेच. डिझेल इंजिनाचं तेल काळंभोर असायला हवं. तेल पांढरं झालं म्हणजे त्यात पाणी मिसळलं. पाणी मिसळलेलं तेल इंजिन खाऊन टाकतं, हे काठावरचं पोरगंसुद्धा सांगेल.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली आणि शिडीच्या पायरीवर बसली.

माझे पाय मात्र स्वच्छ काळ्या तेलात होते. अगदी स्वच्छ. मी ओरडून सांगत होते, "मावशी, खाली बघ! खाचांपाशी बघ!" पण घाबरलेल्या माणसाची नजर जिथे अडकली तिथेच अडकते.

तिने डॉक्टरला बोलावलं. हा डॉक्टर म्हणजे इंजिनांचा मेकॅनिक. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला लावतो आणि आतला आवाज ऐकतो, म्हणून सगळा काठ त्याला डॉक्टर म्हणतो. दादांच्याच हाताखाली शिकलेला. मावशीला वहिनी म्हणतो आणि तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. त्या दिवशी मात्र चहाचं नाव काढलं नाही. त्याने तेलाचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतही पांढरं. मला काढलं, उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, हेडचं गास्केट गेलंय, तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं. नाहीतर ब्लॉकला तडा. थंड करणारं पाणी तेलात उतरतंय."

"मग?"

"मग काय, इंजिन उतरवायचं. आता चालू करायचं नाही, काही झालं तरी." मग इंजिनाच्या ओल्या अंगाकडे बघत तो म्हणाला, "यावर पाणी ओतता का तुम्ही?"

"दर शनिवारी. हे ओतायचे ना, म्हणून मी पण."

डॉक्टर तिच्या हातांकडे बघत राहिला. तो तिला दोष देत नव्हता हो, खरंच नव्हता. पण काही नजरा बोलण्यापेक्षा जास्त लागतात. मग मावशीनेही आपल्या हातांकडे बघितलं.

दुसऱ्याच दिवशी लेक आली. ती शहरात नोकरी करते आणि गेली पाच वर्षं आईला आपल्याकडे बोलावतेय. तिने आधी आईला मिठी मारली, मग लाँचकडे बघून उसासा टाकला.

"आई, एका अर्थी बरंच झालं. आता तरी चल. तिथे लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे."

एरवी मावशी म्हणाली असती, "मी पाण्यावर राहिलेली बाई, मला लिफ्ट कशाला?" यावेळी म्हणाली, "चल. येते."

लेकच दचकली. "अशी कशी लगेच तयार झालीस?"

"ते ठेवून गेलेली एकच वस्तू होती. ती मी माझ्या हाताने बुडवली. त्या हातांनी आता सुकाणू कशाला धरायचं?"

लेक म्हणाली, "असं काय बोलतेस गं?" मी माझ्या नळीत उभी राहून हे सगळं ऐकत होते. साक्ष माझी, आणि शिक्षा तिला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी गप्प बसले नसते.

दोन दिवस सामानाची बांधाबांध चालली. लाँच विकायची नाही, नुसती बांधून ठेवायची, एवढा हट्ट मावशीने धरला. डॉक्टरने तिला एक काम सांगून ठेवलं होतं. इंजिन उतरवायच्या आधी थंड करणाऱ्या पाण्याची टाकी रिकामी करून ठेवा, म्हणजे वजन कमी होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन खाली आली. तिने टाकीचं झाकण उघडलं, आत वाकून बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली.

पाणी काठोकाठ होतं. खुणेला अगदी टेकलेलं.

मग तिने झाकण परत लावलं, बादली पालथी घातली आणि शिडी चढून वर जाऊन हाक मारली. तसली खणखणीत हाक मी दादांच्या तोंडूनच ऐकली होती. "अगं, डॉक्टरला बोलाव! आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टर धापा टाकत आला. त्याला वाटलं, कोणी पाण्यात पडलं की काय.

"मला एक सांग," मावशी म्हणाली. "गास्केट गेलं, पाणी तेलात उतरलं, असंच ना? मग टाकीतलं पाणी कमी व्हायला नको? बघ, भरलेली आहे. आठ महिन्यांत मी त्यात वाटीभर पाणी घातलेलं नाही."

डॉक्टरने टाकीत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. "हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

त्याने डोकं खाजवलं. "पण वहिनी, पट्टी पांढरी आहे ना. तेल थंड करणाऱ्या नळीतून नदीचं पाणीही येऊ शकतं. मी धोका पत्करणार नाही. चार वर्षांपूर्वी एका होडीच्या पट्टीवर असंच दिसलं आणि मी 'चालेल' म्हणालो. भर पात्रात इंजिन जाम झालं. माणसं वाचली, पण त्यांचे चेहरे मला अजून दिसतात."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मावशीचा आवाज एकदम मऊ झाला. "धोका पत्कर असं कोण म्हणतंय? मी म्हणते, नीट तपास. पट्टी म्हणजे जीभ झाली रे. जीभ पांढरी दिसली म्हणून कोणी लगेच पोट फाडतं का? पोटातलं तेल काढून बघ की. स्वतःला डॉक्टर म्हणवतोस ना?"

लेकीला हसू आवरेना. डॉक्टरही हसला आणि पिशवीतून हातपंप काढायला वळला.

मला काढून इंजिनाच्या पेटीवर फडक्यात ठेवलं. माझ्या नळीतून त्याने एक बारीक रबरी नळी थेट तळापर्यंत सोडली. नळी सोडता सोडता तो समजावून सांगत होता. पाणी जड, तेल हलकं. इंजिन तीन दिवस बंद आहे, म्हणजे पाणी असेल तर एव्हाना तळाशी जाऊन बसलेलं असणार, पंपाच्या पहिल्याच ओढीला वर येईल. त्याने काचेची बरणी धरली आणि पंप ओढला. मावशीने डोळे मिटून घेतले.

"वहिनी, उघडा डोळे."

बरणीत तेल होतं, काळं. पाण्याचा टिपूस नाही. तरी डॉक्टरचं समाधान होईना. बरणी दुपारपर्यंत खिडकीत ठेवली. खाली थर धरला नाही. मग त्याने लाँचवरच्या स्टोव्हवर एक लोखंडी झाकण तापवलं, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि तळातल्या तेलाचा एक थेंब त्यावर सोडला. तेलात पाणी असेल तर तडतडायला हवं. थेंब शांतपणे पसरला आणि नुसता धूर आला. दुसरा थेंब, पुन्हा तेच. मग त्याने मला उचललं, माझ्या वरच्या अंगावरची पांढरी साय काडीने खरवडली आणि झाकणावर टाकली.

तड तड तड! लेक दोन पावलं मागे सरकली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय सांगू, भर सभेत कोणी पदर ओढावा तशी मी ओशाळले. मी खोटं बोलले नव्हते. पण माझं अर्धंच बोलणं ऐकलं गेलं, आणि त्यावरून एका बाईचं बस्तान हलवायला निघाले होते.

"म्हणजे पाणी नुसतं वरवर आहे," डॉक्टर पुटपुटला. "तेलाच्या झाकणाला आणि नळीत. पोट स्वच्छ आहे."

"मग वर तरी कुठून आलं?" मावशीने विचारलं. "माझ्या बादलीतून?"

"बादलीतून आलं असतं तर तळाला गेलं असतं. हे हवेतलं पाणी. भातावर झाकण ठेवलं की आतून थेंब धरतात ना, तसं. इंजिन नीट तापलं तर ती वाफ उडून जाते. पण सात मिनिटांत ते तापतच नाही." तो मध्येच थांबला. त्याची नजर फळीवरच्या चिकटपट्टीवर गेली होती. "हे काय?"

"काटा बिघडलाय. वर येतच नाही."

"बिघडलाय असं कोणी सांगितलं?"

त्याने पाना घेतला आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूची छोटी टोपी उघडली. तिथे थर्मोस्टॅट असतो. इंजिन गार असताना तो पाण्याची वाट अडवून धरतो, तापलं की सोडतो. डॉक्टरने आत बोट घातलं. आत काहीच नव्हतं. रिकामी जागा.

तो पेटीवर मटकन बसला. "वहिनी, हा मीच काढला होता."

"तू?"

"मी आणि दादांनी. एका उन्हाळ्यात भरलेली लाँच नेताना इंजिन फार तापलं होतं. दादा म्हणाले, 'काढून टाक तो अडथळा, पाणी मोकळं खेळू दे.' मी काढला. लांबच्या फेऱ्या आणि भरपूर ओझं, त्यामुळे तसंही चालून गेलं. पूल झाला आणि फेऱ्या आखडल्या, तेव्हापासून हे गारठत राहिलं. मी पार विसरून गेलो होतो." त्याने मान खाली घातली. "चूक आमची दोघांची. आणि मी तुमच्या हातांकडे बघत बसलो."

मावशीला हसू फुटलं. "आणि मला म्हणायचे, इंजिनाला हात लावशील तर विचारून लाव! शहाणे!" हसता हसता तिला रडू आलं. लेकीने तिला जवळ घेतलं. डॉक्टरचे डोळेही भरले होते, पण तो पान्यावरचं तेल पुसण्यात फार गुंतल्यासारखं दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी नवा थर्मोस्टॅट बसला. तेल आणि फिल्टर बदलले, झाकण धुतलं, तारेला फडकं बांधून माझी नळी आतून पुसली. मग डॉक्टर म्हणाला, तासभर पूर्ण जोराने चालवून बघितल्याशिवाय मी काही कबूल करणार नाही. मावशीने सुकाणू धरलं. लाँच प्रवाहाच्या उलट निघाली, जुन्या वाटेने. चिकटपट्टी काढलेला काटा हलला. पाव. अर्धा. अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन थांबला. "आई, चढला! चढला!" लेक ओरडली. परीक्षेत पहिला नंबर यावा इतका आनंद.

तासाभराने धक्क्याला लागलो. तेल खाली उतरायला थोडा वेळ दिला. मावशी शिडीवरून खाली आली, माझ्या कडीला हात लावला आणि मागे घेतला.

"तू काढ," ती लेकीला म्हणाली. "मला आज जे हवं तेच दिसेल."

लेकीने मला काढलं आणि लगेच डोळ्यांसमोर धरलं. "अगं, पहिली नाही वाचायची! पूस, परत घाल, मग वाच," मावशी ओरडली. लेकीने पुसलं. घातलं. काढलं. आणि तिने मला वरपासून खालपर्यंत, कडीपासून टोकापर्यंत, सावकाश बघितलं. इतकं पूर्ण मला आजवर कोणी वाचलं नव्हतं.

"स्वच्छ आहे, आई. वर कुठेही पांढरं नाही. तेल दोन्ही खाचांच्या मध्ये आहे."

मावशीने इंजिनाच्या गरम अंगावर हात ठेवला. लेक आणि डॉक्टर तिथेच आहेत हे ती विसरली असावी. ती दादांशी बोलायला लागली. "अहो, ऐकलंत का? मी नाही हो बुडवलं तुमचं इंजिन. अकरा वर्षं जपलंय मी."

लेक तोंड फिरवून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, सोमवारी मी एकटीच जाते."

तेव्हापासून रोज शेवटच्या फेरीनंतर मावशी लाँच तासभर वरच्या अंगाला फिरवून आणते, इंजिन नीट तापावं म्हणून. डॉक्टर अधूनमधून चहाला येतो. माझी वरची खाच आता झिजलीय. डॉक्टरने माझ्या जागी एक नवी, चकचकीत पट्टी आणून खिळ्याला टांगून ठेवलीय. आज ना उद्या ती माझ्या नळीत उभी राहील, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तिला फक्त टोकापर्यंत वाचा. आणि पट्टीवर काय दिसलं ते ठरवून टाकण्याआधी, जिने ती रोज सकाळी पुसली तिला एकदा विचारा. आमच्या मावशीला उत्तर माहीत होतं हो. तीन दिवस तिला कोणी विचारलंच नव्हतं.